मानसिंगच्या मुठीतला पाना

मित्रांनो, वीतभर लांबीचा, दोन जबड्यांचा मी एक जुना लोखंडी पाना आहे. नट आवळणे आणि सैल करणे एवढेच माझे काम. पण माझ्या आयुष्यात असे चाळीस दिवस आले की मी एकही नट फिरवला नाही. ते चाळीस दिवस मी एका माणसाच्या मोडलेल्या मुठीत होतो. ती मूठ मीच मोडली होती.

माझा जन्म आगीतला आहे. आधी मी एका मोटारलॉरीच्या चाकावरच्या कमानीतली, म्हणजे स्प्रिंगमधली, पोलादी पट्टी होतो. वैरागच्या रस्त्यावर त्या लॉरीने एका बैलगाडीला धडक दिली. दोन्ही बैल जागच्या जागी मेले. आजूबाजूच्या शेतांतले लोक कुऱ्हाडी आणि दगड घेऊन धावले. लॉरीवाला पळून गेला, तेव्हा लोकांनी लॉरीच पेटवून दिली. ती दिवसभर जळत होती. टायर फुटले, काचा तडकल्या आणि रंगाचे पोपडे उडाले. शेवटी लोखंडाचा नुसता सांगाडा राहिला. त्या सांगाड्यातून हुसेनसाब मिस्त्रींनी मला उचलून आणले.

हुसेनसाबांचा कारखाना सोलापुरात विजापूर वेशीबाहेर होता. कारखाना म्हणजे वर पत्रे, खाली तेलाने काळी झालेली जमीन आणि एक लिंबाचे झाड. त्या वर्षी, म्हणजे एकोणीसशे सदतीस साली, दुधनीच्या शिवप्पांनी डिझेल तेलावर चालणारी एक नवी लॉरी आणली होती. इंजिनाला तेल पुरवणाऱ्या नळ्यांचे नट निराळ्याच मापाचे होते. लॉरीबरोबर आलेला पाना पहिल्याच महिन्यात हरवला आणि सोलापुरातला दुसरा कुठलाही पाना त्या नटांना बसेना. म्हणून हुसेनसाबांनी भीमा लोहाराकडून माझ्यापासून नवा पाना घडवून घेतला. भीमाने मला लाल होईपर्यंत तापवले आणि घणाखाली घातले. मी वाकलो की तो पुन्हा तापवी आणि पुन्हा मारी. मग हुसेनसाबांनी दोन दिवस कानशीने घासून माझे जबडे मापात आणले. मी त्या नटावर असा बसलो की मध्ये केसही शिरला नसता.

"आता हा तुझ्या लॉरीचाच पाना," हुसेनसाब लॉरीच्या ड्रायव्हरला म्हणाले.

"चाचा, मग तुमच्यापाशीच लपवून ठिवा. माझ्याकडं ह्यो बी हरवंल," तो ड्रायव्हर हसत म्हणाला. तो मानसिंग. वैरागकडचा उंच, सडपातळ गडी. त्याचे हात मोठे होते, पण स्टेअरिंग तो फार हलकेच धरी. लॉरीत काही बिघडले की तो आधी बॉनेटवर तळहात ठेवून उभा राही आणि मगच बोले.

हुसेनसाबांची काम करण्याची रीत मी तुम्हांला सांगतो, कारण पुढे जे झाले ते ही रीत मोडल्यामुळे झाले. त्या इंजिनाला चार सिलिंडर होते. लॉरी जागेवर उभी असताना इंजिन लंगडू लागले, गचके देऊ लागले, की चारांपैकी एखादा काम करत नाही असे समजायचे. तो कुठला, हे डोळ्यांना दिसत नाही. मग हुसेनसाब इंजिन सावकाश चालू ठेवत आणि माझ्याकडून पहिल्या नळीचा नट थोडा सैल करत. त्या सिलिंडरचे तेल तुटे. आवाज आणखी पडला, तर तो सिलिंडर चांगला. नट पुन्हा आवळायचा आणि दुसऱ्याकडे जायचे. नट सैल करूनही आवाजात फरक पडला नाही, तर तो सिलिंडर आधीच बंद होता असे समजायचे. पण दोषी सापडला तरी हुसेनसाब थांबत नसत. चारही नट पाहून होईपर्यंत ते तोंड उघडत नसत. कुणी घाई केली तर म्हणत, "एकाचं नाव घेतलं की बाकीचे सुटतात. सगळ्यांना इचारू द्या मला."

एक वर्ष मी सुखात काढले. खंडेनवमीला हुसेनसाबांच्या हिंदू गड्यांनी मला हळदकुंकू लावले आणि हुसेनसाबांनी लांब उभे राहून कौतुकाने पाहिले. मला वाटे, मी चांगल्या कामासाठीच घडलो आहे.

दुसऱ्या वर्षी दसऱ्यानंतर तिसऱ्या दिवशी भर दुपारी शिवप्पांची लॉरी वेशीतून आली. तिच्या नाकावर सुकलेल्या झेंडूची माळ होती. मागे भुईमुगाच्या शेंगांची पोती खच्चून भरलेली होती. ती थांबली आणि उभ्या उभ्याच हुडहुडी भरल्यासारखी थरथरू लागली. धुरांड्यातून पांढरा धूर येत होता. शिवप्पा खाली उतरले. ते जाडजूड होते आणि त्यांच्या कपाळावर भस्माचे पट्टे होते. त्यांच्यामागून त्यांचा हमाल कोंडीबा उतरला. तो तालमीतला पैलवान होता.

"एनो मिस्त्री, बघ ह्या लॉरीला काय झालंय," शिवप्पा कानडी-मराठीत ओरडले. "आणि ह्या कळ्ळाला बी बघ. चोर हाय हा. तेल विकतोय आणि टाकीत पाणी वततोय."

"आईची आन, मालक, म्या न्हाय," मानसिंग ड्रायव्हरच्या जागेवरून उतरत म्हणाला. "चाचा, दुधनीपासनं तीनदा बंद पडली. पळाली की जरा बरी चालतीया. हुबी केली की लंगडतीया."

"लंगडतीया म्हणं! तुझाच पाय मोडतो, मग कळंल लंगडणं."

हुसेनसाबांनी बॉनेट उघडले आणि मला हातात घेतले. पहिला नट सैल केला. आवाज पडला. आवळला. दुसरा नट सैल केला. आवाज पडला. आवळला. तिसरा सैल केला आणि आवाजात काहीच फरक पडला नाही. इंजिन तसेच लंगडत राहिले.

"सापडलं का?" शिवप्पा त्यांच्या खांद्यावरून वाकले. "सांग की. बिघाड मशिनीचा का माणसाचा? शेंगा उन्हात सुकाय लागल्यात, आणि तू नट खेळवतोस व्हय?"

मित्रांनो, त्या दिवशी हुसेनसाबांनी चौथा नट पाहिला नाही. त्यांनी इंजिन बंद केले आणि तेल गाळणाऱ्या फिल्टरची वाटी उघडून एका काचेच्या पेल्यात ओतली. वर पिवळे तेल तरंगले. खाली दोन बोटे गढूळ पाणी बसले. ते पाहून त्यांच्या तोंडून शब्द निघून गेले.

"तेलात पाणी हाय."

त्यांना पुढे बरेच बोलायचे होते. कुठले पाणी, कधी गेले, कसे गेले, हे सगळे विचारायचे होते. पण तेवढे तीन शब्द शिवप्पांना पुरले.

"कोंड्या, धर त्याला!"

कोंडीबाने मानसिंगचा उजवा हात पिरगाळून लॉरीच्या मडगार्डवर दाबला. मानसिंगने त्याला लाथ मारली, चावा घेतला. पण कोंडीबाची पकड सुटली नाही. शिवप्पांनी हुसेनसाबांच्या हातातून मला हिसकावले. हुसेनसाब मध्ये पडले, तर एका धक्क्यात ते पत्र्याच्या खांबावर आपटले आणि त्यांची भुवई फुटली.

पहिला घाव बोटांवर बसला. दुसरा पंजाच्या मधोमध बसला. मी लोखंड आहे, मला वेदना नाही असे तुम्हांला वाटेल. पण हाड मोडताना त्याचा आवाज माझ्या अंगातून गेला. घणाखाली मी वाकत होतो, तेव्हा मला घडवले जात होते. हा हात वाकत होता, तेव्हा त्याचे काही घडत नव्हते. तिसऱ्या घावाला मानसिंगचे ओरडणे थांबले. माझे जबडे रक्ताने भरले.

"आता विक तेल!" शिवप्पा धापा टाकत म्हणाले आणि त्यांनी मला जमिनीवर फेकले.

कोंडीबाने हात सोडला. मानसिंग चाकाशी टेकून बसला. बोटे नको तिकडे वळलेला आपला पंजा तो परक्याची वस्तू पाहावी तसा पाहत होता. हुसेनसाबांनी खांद्यावरचा रुमाल काढून त्याच्या हाताला गुंडाळला. त्यांच्या भुवईचे रक्त डोळ्यात उतरत होते. ते पुसायचेही त्यांना सुचले नाही. मग त्यांनी तो पेला उचलला, वरचे तेल हळूच ओतून टाकले, खालच्या पाण्यात बोट बुडवले आणि जिभेला लावले.

त्यांनी पुन्हा एक थेंब चाखून पाहिला.

"मानसिंग, वाटेत पाणी कुठं घेतलंस?" त्यांनी विचारले.

"न्हाय घेतलं, चाचा."

"दुधनीच्या हिरीचं पाणी कसं हाय, अण्णा?" हे शिवप्पांना.

"मचूळ. खारट. का?"

"सोलापूरचं बी मचूळ. आणि हे गोड हाय."

हुसेनसाबांनी मला उचलून पुसले आणि तिसऱ्या सिलिंडरचे नोझल काढले. नोझल म्हणजे तेलाची बारीक पिचकारी. तिच्यातून तेल धुक्यासारखे उडायला हवे. त्यांनी ते नळीला बाहेरच जोडले आणि कोंडीबाला इंजिनाचे हँडल फिरवायला लावले. धुके उडाले नाही. म्हाताऱ्याच्या नाकासारखे थेंब थेंब गळले. नोझलची सुई तांबूस चिकटाने धरली होती. हुसेनसाबांनी फिल्टरच्या वाटीच्या तळातून चिमटीने काहीतरी काढले आणि उन्हात धरले. तो काथ्याचा धागा होता.

"अण्णा, नवमीला गाडीम्होरं नारळ फोडलात. त्याचं पाणी कुठं गेलं?"

शिवप्पांनी लॉरीच्या नाकावरच्या माळेकडे पाहिले. बोलला तो कोंडीबा.

"टाकीत वतलं की मालकांनी," तो सरळपणे म्हणाला. "पाच नारळांचं. बेंदराला बैलाला पुरणपोळी चारतो, मग गाडीनं काय उपाशी ऱ्हायचं? म्हणून पयला घोट गाडीला. मानसिंग तवा गावी गेला व्हता, पर समद्या दुधनीनं बघितलं." एवढे बोलून त्याने मानसिंगच्या हाताकडे पाहिले. "मालक... म्हंजी मग ह्यो..."

"देवाचं पाणी हाय ते!" शिवप्पा म्हणाले. "देवाच्या पाण्यानं कधी मशीन बिघडती व्हय?"

तेवढ्यात मानसिंग उठला. त्याने डाव्या हाताने फळीवरून मला उचलले. त्याच्या पकडीवरूनच मला कळले की आता मी डोके फोडणार. शिवप्पा मागे सरले आणि लॉरीला टेकले. कोंडीबा अडवायला पुढे आला नाही, उलट दोन पावले बाजूला झाला. मानसिंगचा हात वर गेला. शिवप्पांनी डोळे मिटले.

हुसेनसाब दोघांच्या मध्ये येऊन उभे राहिले.

"सरका चाचा."

"पयला मला मार," हुसेनसाब म्हणाले. "पाना ह्यानं चालवला, पर जीभ माझी चालली. चौथा नट न बघता अर्धं बोललो मी. आधी माझं डोस्कं, मग त्याचं."

मानसिंगचा हात हवेतच थांबला. त्याच्या तोंडून एक आवाज निघाला. तो ना शिवी होता, ना रडणे. मग त्याची बोटे सैल पडली आणि मी धुळीत पडलो.

"गाडी चालंल का?" काही वेळाने शिवप्पांनी विचारले. त्या घडीला त्यांना तेवढेच सुचले.

"गाडी चालंल," हुसेनसाब म्हणाले. "हात चालंल का न्हाय, ते इचारा."

मानसिंगला कोंडीबाने पाठीवर घेतले. हुसेनसाब मला खिशात घालून पुढे चालले. जवळच्याच गल्लीत बजाबाई राहत. त्या पैलवानांची हाडे बसवत आणि त्यांचे फटकळ तोंड शहरात प्रसिद्ध होते. त्यांनी हात पाहिला आणि कोंडीबाकडे वळल्या.

"कुस्ती केलीस का रं ह्याच्यासंगं?"

"न्हाय. धरलं व्हतं."

"शाबास! तुझ्या आईनं दूध पाजलं ते ह्याच्यासाठीच. आता परत धर, आणि ह्या खेपेला नीट धर."

बजाबाईंनी एकेक बोट ओढून हाड जागेवर आणले. मानसिंगने तोंडात धरलेले लाकूड चावून फोडले. काम झाल्यावर त्या म्हणाल्या, "लेकरा, खरं सांगते. पंजा लई चेचलाय. ह्यो हात म्होरं पुरता उघडणार न्हाय, पुरता मिटणार बी न्हाय. आत्ता ज्या आकारात बांधीन, त्या आकारातच ऱ्हाईल. तुला काय धरायचंय सांग. भाकरी थापायची, का खुरपं धरायचं?"

"स्टेअरिंग," मानसिंग म्हणाला.

"ते काय मला ठाव न्हाय. त्येच्या जाडीचं कायतरी द्या."

हुसेनसाब परत गेले, दोरीने लॉरीच्या स्टेअरिंगची जाडी मोजून आले आणि त्यांनी मला खिशातून काढले. मला पाहताच मानसिंगने तोंड फिरवले.

"ह्यानंच मोडला, चाचा."

"म्हणूनच. ह्याला बी कळू दे."

बजाबाईंनी माझ्या दांड्यावर जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळल्या. दोरीच्या मापाइतकी जाडी झाल्यावर त्यांनी मला मानसिंगच्या पंजात ठेवले, त्याची बोटे माझ्याभोवती वळवली आणि बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधले. चाळीस दिवस सोडायचे नाही, असे सांगितले.

ते दिवस मी विसरणार नाही. सुरुवातीला त्या मुठीत आगीसारखी धग होती. सूज वाढे तशी बोटे मला आवळत आणि ठणका लागला की मानसिंग भिंतीवर डोके आपटून घेई. त्याचे रक्त पट्ट्यांतून झिरपून माझ्यावर वाळले. मी थोडा जरी सरकलो तरी त्याला कळ येई. म्हणून मी लोखंडाला जमेल तेवढा निश्चल राहिलो.

इकडे लॉरी कारखान्यासमोर उघड्या बॉनेटने उभी होती. तिसरे नोझल बाहेर, चौथा नट अजून तसाच. शिवप्पांनी दुसऱ्या गाडीने शेंगा नेल्या आणि हुसेनसाबांना लॉरी दुरुस्त करायला सांगितले.

"पाना मानसिंगच्या मुठीत हाय," हुसेनसाब म्हणाले. "दुसरा बसत न्हाय."

"भीमाकडनं नवा करून घे."

"भीमाला इचारा."

भीमा लोहाराने भट्टी थंड असल्याचे सांगितले. ती चाळीस दिवस थंडच राहिली. शिवप्पांनी दुसरा मिस्त्री आणला. त्याने पकडीने नट फिरवायला पाहिले आणि नटाचे कोपरे सोलून ठेवले. मग एका सकाळी शिवप्पांची चार माणसे लाठ्या घेऊन आली. त्यांनी कारखान्याचे पत्रे बडवले, तेलाचे डबे उलथले, एकाने हुसेनसाबांच्या पाठीत लाठी घातली. हुसेनसाब उठले, त्यांनी डबे पुन्हा उभे केले आणि ते लॉरीशेजारी जाऊन बसले. चौघांना घालवले ते कोंडीबाने. त्याने एकाची लाठी गुडघ्यावर मोडली आणि बाकीच्यांना सांगितले, "मालकाला म्हणावं, कोंडीबा आता माणसं धरत न्हाय."

शेवटी शिवप्पा स्वतः बजाबाईंच्या दारात आले. मानसिंग ओट्यावर बसला होता, मूठ मांडीवर ठेवून.

"पाना दे," शिवप्पा म्हणाले.

मानसिंगने मूठ पुढे केली. "घ्या की, मालक. काढून घ्या."

शिवप्पांचा हात पुढे आला आणि पट्ट्यांवर वाळलेल्या रक्ताशी थांबला. मी त्यांच्या बोटांपासून तीळभर दूर होतो. आतून बजाबाई मुसळ घेऊनच आल्या.

"हात लावून बघ. तुझी बी मूठ बांधते. काय धरवायचं ते बी मीच ठरवीन!"

शिवप्पांनी हात मागे घेतला. मग म्हणाले, "अजून किती दिवस?"

"सतरा," मानसिंग म्हणाला.

ते सतरा दिवस शिवप्पा थांबले. कुणाला पाठवले नाही, धमकावले नाही. चाळिसाव्या दिवशी बजाबाईंनी कामट्या सोडल्या, एकेक बोट उचलले आणि मला बाहेर ओढले. माझ्याएवढी पोकळी त्या मुठीत तशीच राहिली. पंजा सपाट होईना, मूठ मिटेना.

सगळे लॉरीपाशी आले. हुसेनसाबांनी साफ केलेले नोझल बसवले, टाकी धुऊन नवे तेल भरले. सोललेल्या नटावरही मी कसाबसा बसलो. इंजिन सुरू झाले. त्यांनी पहिला नट तपासला, दुसरा, तिसरा, आणि मग चौथाही तपासला. चारही चांगले. इंजिन एकसारखे चालू लागले तेव्हा कुठे ते म्हणाले, "आता बोलतो. गाडीत दोष न्हाय. ड्रायव्हरात बी नव्हता."

मानसिंग वर चढला. त्याने वाकडा हात स्टेअरिंगवर ठेवला. बोटे स्टेअरिंगवर बरोबर बसली. त्याने लॉरी वेशीपर्यंत नेली, वळवली आणि परत आणली. कोंडीबा लहान पोरासारखा मागे धावत होता.

शिवप्पांनी सर्वांसमोर दोन्ही हात जोडले. "मानसिंग, चुकलो. लॉरी तूच चालव. दुसरा कुणी नको."

मानसिंग खाली उतरला. कुणी हात जोडले की आपणही जोडायचे, या सवयीने त्याचे हात वर आले. पण उजवा पंजा डाव्याला मिळेना. मध्ये माझ्याएवढी जागा राहत होती. त्याने तो पंजा क्षणभर शिवप्पांपुढे तसाच धरला.

"ह्यो हात आता कुणालाच जोडता येत न्हाय, मालक," तो म्हणाला आणि चालत वैरागच्या रस्त्याला लागला. पुढे तिकडच्या एका कापसाच्या व्यापाऱ्याची लॉरी त्याने वीस वर्षे चालवली.

मित्रांनो, आता मी जुन्या नटांच्या डब्यात पडून असतो. माझ्या मापाचे नटही उरले नाहीत. पण तुमच्या घरी, शाळेत, रस्त्यावर काही बिघडेल आणि एखाद्याचे नाव तुमच्या ओठांवर येईल, तेव्हा माझे एवढे ऐका. आधी सगळ्यांना विचारा. अर्धे कळले असेल तर अर्धे बोलू नका, कारण तुमच्या शेजारी कुणाच्या तरी हातात माझ्यासारखा पाना असू शकतो. आणि आम्हां हत्यारांना कधी कधी तेल द्या, कोरड्या फडक्याने पुसा. आम्ही कशावर पडावे, हे आम्हांला ठरवता येत नाही. ते तुम्हीच ठरवता.